हात पुष्कळ असतात

पहाटे ५:१५

चिखलोलीतल्या आमच्या इमारतीत दिवस पाण्याच्या मोटरीने उजाडतो. वॉचमन गावाला गेला की वरची टाकी भरली का ते बघायला मीच गच्चीवर जाते. टाकी वीस हजार लिटरची, म्हणजे भरली की वीस टन वजन सातव्या मजल्याच्या डोक्यावर. तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब आणि खांबांच्या मधे दुचाक्या. डोकं जड, पाय मोकळे. अशी इमारत हादरली की काय होतं, ते २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादने पाहिलं. भूकंप कच्छचा, शहरापासून दोनशे किलोमीटरहून लांबचा, तरी पार्किंगच्या खांबांवर उभ्या असलेल्या कितीतरी इमारती तिथे पायातूनच बसल्या.

गच्चीवरून रूळ दिसतात. अंबरनाथ सोडलेली लोकल आमच्याकडे न थांबता बदलापूरला जाते. चिखलोली स्टेशन मंजूर झालंय. इमारती मात्र त्याची वाट न बघता येऊन उभ्या राहिल्यात. नव्या शेजाऱ्यांना मी एकदा तरी विचारते, स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला बघितला का? मॉड्युलर किचनची वॉरंटी सगळ्यांकडे असते. दाखल्याचं नाव काढलं की लोक माझ्याकडे विमा एजंटकडे बघावं तसं बघतात.

टाकी भरली, मोटर बंद.

६:४०

सासूबाई औसा तालुक्यातल्या, लातूर जिल्हा. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या उशाशी रोज रात्री दोन वस्तू असतात, चपला आणि बॅटरी. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट झाल्यापासूनची ही सवय. त्यांचं घर पडलं नव्हतं, तडकलं होतं. पण अंधारात अनवाणी बाहेर पळताना पाय फाटले आणि पुढे कित्येक दिवस चालता येईना, म्हणून चपला.

आज चहा घेताना माझा मुलगा त्यांना चिडवत होता, "आजी, इथं अंबरनाथला कुठला आलाय भूकंप?"

"किल्लारीला तरी कुठं हुता?" आत्या म्हणाल्या आणि बिस्कीट बुडवलं.

याहून नेमकं उत्तर मला माझ्या शनिवारच्या भूकंप-बचावाच्या वर्गातही देता आलेलं नाही. १९९३ साली देशाचा जो भूकंपप्रवणतेचा नकाशा होता, त्यात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. दख्खनचं पठार, खाली बेसाल्टचा कातळ, इथे काय हलणार? पहाटे ३:५६ ला ते हललं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. नंतर नकाशा बदलला, पहिला झोनच काढून टाकला. त्या नव्या नकाशात मुंबई-ठाण्याचा आमचा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये, मध्यम धोक्याचा. शिवाय जुन्या ठाणे जिल्ह्यातच, डहाणू-तलासरीत, २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका लागली. धक्के लहान, पण इतके की माणसांनी घरात झोपणं सोडलं आणि एनडीआरएफने, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने, तिथे तंबू ठोकले. डहाणू काही परदेशात नाही.

८:००

पोटाचं काम वेगळं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. शनिवारी अर्धा दिवस. गेटवर सही, हेल्मेट, रात्रपाळीकडून निरोप. आज सायरनची चाचणी, ती झाली. कामगारांशी पाच मिनिटं बोलायचं असतं, ते बोलले: व्हॉल्व्हवर टॅग लावल्याशिवाय पाना लावायचा नाही. हे मी दर शनिवारी सांगते आणि दर शनिवारी मागच्या रांगेतला एकजण जांभई देतो.

९:३०

महिन्यातून एकदा बचावाच्या साहित्याची मोजणी असते. गॅसगळती आणि आगीसाठी आणलेलं साहित्य हे, पण यातलं बरंचसं पडलेल्या इमारतीतही लागतं. दुपारच्या वर्गाला नेण्यासाठी मी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेतलेली आहे, म्हणून मोजणी जरा मन लावून करते.

पहारी सहा. एकीचं टोक बोथट झालंय, लोहाराकडे पाठवायची. फावडी, घमेली पुरेशी. घमेल्यांना लोक हसतात, पण ढिगारा हातानेच उपसायचा असतो, आणि तो माणसांची साखळी करून घमेल्या-घमेल्याने मागे सरकवतात. खाली माणूस जिवंत असेल तिथे जेसीबी लावायचा नसतो. हायड्रॉलिक जॅक दोन, वीस टनी. एकाचं तेल कमी. अँगल ग्राइंडर आणि त्याच्या चकत्या. काँक्रीटच्या वेगळ्या, सळईच्या वेगळ्या, आणि त्या नेहमी एकाच डब्यात मिसळलेल्या सापडतात. दोर, हेल्मेट, हातमोजे. हातमोज्यांच्या जोड्यांत डाव्या हाताचे जास्त आहेत, त्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही.

मग लाकूड. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. चार बाय चारचे ठोकळे आणि पाचरी. ठोकळे दोन आडवे, त्यांवर दोन उभे, असे रचत गेलं की लटकलेल्या स्लॅबखाली खांब तयार होतो. जॅकने स्लॅब बोटभर उचलायचा, लगेच खाली ठोकळा सरकवायचा, पाचर ठोकायची, मग पुढचं बोट. जॅकवर भरवसा ठेवून खाली डोकं घालायचं नाही. जॅक घसरतो, ठोकळा घसरत नाही. स्टोअरकीपरने यातले काही ठोकळे दार उघडं राहावं म्हणून दाराला लावले होते. ते काढून घेतले. दार आता करकरतं.

११:१०

उल्हासनगरातून फोन. आमच्या वर्गाला येऊन गेलेली एक बाई. तिच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडलंय, आतली सळई गंजून फुगलीय. "ताई, राहू का?"

मी सेफ्टी ऑफिसर, स्ट्रक्चरल ऑडिटर नाही. तेच सांगितलं, आणि महापालिकेच्या पॅनेलवरच्या इंजिनियरला आजच बोलवायला सांगितलं. पण त्या बाथरूमखाली कुणी झोपू नये, एवढं सांगायला ऑडिटर लागत नाही. तेही सांगितलं. उल्हासनगरात २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी कल्याण कॅम्पच्या लष्करी बरॅकींत वसलेलं हे गाव. जागा तेवढीच राहिली, कुटुंबं वाढली, आणि नव्वदच्या दशकात हलक्या रेतीने, घाईघाईत मजले चढले. त्यांना पडायला भूकंप लागत नाही. वरचा स्लॅब खालच्यावर बसतो, तो त्याच्या खालच्यावर, असं तळापर्यंत.

मी भूकंपाचा वर्ग घेते, तरी माझ्या डोक्यात भूकंप असतोच असं नाही. ढिगारा असतो. तो कशाने झाला हे आत अडकलेल्याच्या दृष्टीने गौण आहे.

१:१५

डबा. गवारीची भाजी.

२:३०

वर्ग समाजमंदिरात. पंख्याखाली तीसेक जण: सोसायट्यांचे लोक, दोन रिक्षावाले, गणेश मंडळाची पोरं, बचत गटाच्या बायका, एक निवृत्त रेल्वेवाले काका, ते दर वेळी पहिल्या खुर्चीत. केंद्र सरकारच्या आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं. आमचं दोन शनिवारचं, घरगुती.

मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारते. समोरची इमारत आत्ता पडली तर तुम्ही काय कराल?

"धावू." "लोकांना बाहेर काढू." "व्हिडिओ..." मंडळातला पोरगा बोलून गेला आणि सगळे हसले. हसायचं कारण नाही, ते होणारच आहे.

धावणारच तुम्ही, मी म्हणते. कुणी सांगायची गरज नाही. एनडीआरएफची आपल्या बाजूची बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. त्यांची तुकडी मुंबईतही असते. ती माणसं उत्तम काम करतात, पण त्यांना रस्ता कापून यावं लागतं, आणि भूकंप झाला तर ती एकाच वेळी पन्नास ठिकाणी हवी असतील. तोपर्यंतचे तास शेजाऱ्यांचे. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे चामटोलीपाशी पुरात अडकली, तुम्हाला आठवत असेल. हजारावर प्रवासी. नौदल आलं, हेलिकॉप्टरं आली, एनडीआरएफच्या होड्या आल्या. त्या येईपर्यंत डब्यातल्या माणसांना काठावरून हाका मारून धीर देणारे गावातले लोकच होते, आणि सुटका झालेल्यांना चहा-बिस्किटं देणारेही तेच.

तर माणसं येतात. अडचण वेगळीच आहे, आणि ती किल्लारीला सगळ्यात स्पष्ट दिसली. तिथे मी अर्ध्या तासाहून कमी थांबत नाही, रेल्वेवाले काका घड्याळ बघू लागले तरी.

तिथली घरं माळवदाची. दगड आणि मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पसरायची, म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात आत गार. पिढ्यानपिढ्या माणसं त्यात सुखाने राहिली. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारा आरपार दगड नव्हता. हादरा बसला तशी भिंत मधोमध उकलली, आणि वरची टनावारी माती झोपलेल्यांवर आली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर. जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे ही मध्यम म्हणावी अशी. माणसं घरांनी मारली.

ढिगाऱ्याच्या अंगाने बघा. स्लॅब पडतो तेव्हा तो कुठेतरी कलतो, पलंगावर, कपाटावर, खांबाच्या खुंटावर टेकतो. पोकळी राहते. महाडला २०२० च्या ऑगस्टमध्ये पाच मजली तारिक गार्डन पडली. १६ जण गेले, पण दुसऱ्या दिवशी, अठरा तासांहून जास्त वेळाने, चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. माती पोकळी ठेवत नाही. ती नाकातोंडात जाते. म्हणून किल्लारीत जे वाचले ते बहुतेक पहिल्या काही तासांत, आणि त्यांना काढणारे हात शेजाऱ्यांचे. सैन्य पोचलं, त्याने अफाट काम केलं, त्यात वरून पाऊस. पण पहिल्या पहाटेला अंधारात जे होते तेच होते. आणि तरीही मंगरूळला पाचव्या दिवशी सैन्याला दीड वर्षाची मुलगी जिवंत सापडली, लोखंडी पलंगाखालच्या पोकळीत. त्यामुळे "आता कोण राहिलं असणार" हे वाक्य माझ्या वर्गात म्हणायचं नाही.

आता गर्दीचं. भूकंपाची बातमी पसरली तशी आसपासच्या गावांतून, शहरांतून माणसं निघाली. काही मदतीला, काही नातलग शोधायला, आणि पुष्कळ नुसती बघायला. अरुंद रस्ते वाहनांनी भरले. त्याच रस्त्याने ॲम्ब्युलन्स जायची होती. पुढाऱ्यांचे ताफे आले, ते यायलाच हवेत असं मला वाटतं, कारण निर्णय तेच घेऊ शकतात. पण एकामागून एक यायला नकोत. मग ट्रक आले, जुन्या कपड्यांचे. रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पडले, पावसात भिजले, सडले. ज्या बाईचं सगळं घर गेलंय तिने दुसऱ्याचा फाटका सदरा चिखलातून का उचलावा? तिला हवं होतं पातेलं, काडीपेटी, चिता रचायला लाकूड, आणि आपला माणूस कुठल्या दवाखान्यात नेला हे सांगणारा कुणीतरी.

"म्हणजे लोकांनी जायचंच नाही का?" रिक्षावाल्याने विचारलं.

जायचं. पण पोचल्यावर पहिल्यांदा विचारायचं, काम कोण देतंय? आणि कुणी देत नसेल तर ते देणारा आपण व्हायचं. पुढचा सगळा वर्ग त्याचाच आहे.

३:४०

शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा आणि गप्प बसा. तीन आखूड म्हणजे सगळे बाहेर, पळा. एक लांब, एक आखूड म्हणजे पुन्हा कामाला लागा. जगभरचे बचाव पथकवाले हेच वापरतात, म्हणून आपणही. कुठल्या देशाचा माणूस शेजारी येऊन उभा राहील सांगता येत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत आपली एनडीआरएफ तुर्कस्तानच्या ढिगाऱ्यांवर होतीच.

सगळ्यात अवघड शिट्टी पहिली. ढिगाऱ्यावर शंभर माणसं असतात, प्रत्येकजण ओरडत असतो, प्रत्येकाला आपण मदत करतोय असं वाटत असतं. आतला माणूस दगडाने पाइपावर ठोकतोय, ते कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून ठरावीक वेळाने सगळं थांबवायचं. जनरेटर बंद, मोबाइल बंद, रडणंसुद्धा बाजूला. चार कोपऱ्यांत चार माणसं पालथी पडतात, एकजण आत हाक देतो: "कुणी आहे का? ऐकू येत असेल तर पाच वेळा ठोका." मग थांबायचं. ऐकणाऱ्याने आवाजाच्या दिशेने हात करायचा, बोलायचं नाही. तीन हात जिथे जुळले तिथे खोदायचं.

समाजमंदिरात हे करून बघितलं. टेबलाखाली एका पोराला लपवून ठेवलं होतं. पहिल्या फेरीत कुणाचा तरी फोन वाजला, रिंगटोन झिंगाट. दुसऱ्या फेरीत काका खोकले. तिसऱ्या फेरीला सगळे गप्प राहिले, पण पोरगाच ठोकायचं विसरला. त्याला म्हटलं, ठीक आहे, बेशुद्ध झालास असं धरू. बेशुद्ध माणूसही शोधावा लागतो. शेजाऱ्यांना विचारून शोधतात: तो कुठल्या खोलीत झोपतो, पलंगावर की खाली, दिवसा की रात्री.

४:३०

बाहेर मैदानात हाताचं काम. जुने आरसीसीचे तुकडे एका बिल्डरने टाकून दिले होते, तेच वापरतो. ठोकळे रचणं, टेकू देणं. गणेश मंडळाच्या पोरांना हे पटकन जमतं. मांडव घालणाऱ्याला पाचर कुठे मारायची हे शिकवावं लागत नाही. खरं तर गावातली सगळ्यात सज्ज बचाव यंत्रणा मंडळं आहेत. त्यांच्याकडे बांबू, दोर, वायरमन, जनरेटर, ट्रॉली आणि रात्रभर जागायची ताकद असते. फक्त लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगावं लागतं.

चादरीचं स्ट्रेचर: दोन बांबू, एक मजबूत चादर, तीन घड्या. उचलणारे सहा, आदेश देणारा एक आणि तो डोक्याकडचा.

मग मी जे सांगते त्याने मोठमोठी माणसं बिचकतात, म्हणून हळू सांगते. पाय तासन् तास स्लॅबखाली दाबला गेलेला माणूस शुद्धीत असतो, बोलत असतो, पाणी मागतो. तुम्ही सगळे मिळून "हैस्सा" करून स्लॅब उचलता आणि तो काही मिनिटांत जाऊ शकतो. दाबलेल्या स्नायूत साठलेलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबवतं. म्हणून आधी डॉक्टर, सलाइन, मग उचलणं. उचलायच्या आधी त्याच्याशी बोलत बसणं हेही कामच आहे. बचत गटातल्या एकीने विचारलं, "आणि डॉक्टर आलाच नाही तर?" तेव्हा वैद्यकीय कंट्रोलला १०८ वर फोन लावून त्यांना तो दाबलेला वेळ सांगायचा, आणि ते सांगतील तसं करायचं. म्हणून माणूस कधीपासून दाबलाय ते कपाळावर नाही तर हातावर पेनने लिहायचं. तिने लगेच पेन काढून स्वतःच्या हातावर लिहून बघितलं. घामाने पुसलं गेलं. मार्कर हवा. यादीत मार्कर.

५:५०

पुरुष पांगले, बायका राहिल्या. दर वेळी असंच होतं आणि आता मी वर्ग तसाच आखते. ढिगारा उपसण्याचे दिवस थोडे. त्यानंतर महिने असतात.

जिथे माणसं उतरवायची तिथली गणितं सांगितली. माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास, आणि बायकांचे संडास उजेडात, दाराला आतून कडी असलेले. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं दूध, बीपी-साखरेच्या गोळ्या: या गोष्टी ट्रकात कुणी भरत नाही. हरवले-सापडलेचा फळा. एक वही रुग्णालयात गेलेल्यांची: कुठलं रुग्णालय, कोण सोबत.

किल्लारीनंतरची एक गोष्ट मी इथे सांगते, कारण ती फारशी सांगितली जात नाही. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज शेकडो गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, जागतिक बँकेच्या मदतीने. पैसा आला, तंत्रज्ञान आलं, पण भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, सिमेंट कुठे सांडतंय, कुणाला हप्ता मिळाला नाही, हे गावात राहून बघणार कोण? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ते काम दिलं. संवाद सहायक म्हणायचे त्यांना. महिला मंडळात भजनाला बसणाऱ्या बायका इंजिनियरला विचारू लागल्या, लिंटेलच्या पट्ट्यात सळया किती? पुढे कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती म्हणतात. घर पडलेल्या बाईला घर पडलेल्या बाईशी बोलायला फार भाषा लागत नसावी.

भूकंपात पोरकी झालेली आणि घर गमावलेली मुलं, बाराशे, भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन शिकवली. तेही सांगते. आणि लगेच पुढचा मुद्दा: मुलाला कुणाच्याही हाती द्यायचं नाही, वहीत नाव, सही, दोन साक्षीदार. गोंधळात मुलं चोरीला जातात. इतकं कठोर बोलल्यावर बायका गप्प होतात. मग एकजण वही मागते.

७:२०

रिक्षाने घरी. शेअर रिक्षात पुढच्या सीटवर शिवमंदिराचा भक्त. वर्गाचं साहित्य बघून म्हणाला, "मॅडम, आपलं अंबरनाथचं मंदिर हजार वर्षं उभं आहे. शिलाहारांचं. ते पडलं नाही, मग आपल्याला काय होणार?"

मंदिर १०६० सालचं आहे हे खरं. पण त्याला पार्किंग नाही. जमिनीपासून वर दगडावर दगड, रुंद पाया. आपण ते उलटं करून बांधतो. एवढं सगळं बोलेपर्यंत त्याचं उतरायचं ठिकाण आलं.

८:४५

सोसायटीची बैठक, त्याच पार्किंगमध्ये. विषयपत्रिकेवर पाणीबिल, लिफ्ट, कुत्रा, आणि मी चिकाटीने घातलेला चौथा विषय: आपत्कालीन यादी.

पाणीबिलावर चाळीस मिनिटं. कुत्र्यावर वीस. लिफ्ट पुढच्या बैठकीत.

चौथा विषय आला तेव्हा निम्मे उठले होते. मी म्हटलं, प्रत्येक मजल्यावर कोण राहतं, किती जण, कोण रात्रपाळीला, कुणाला उचलून आणावं लागेल, गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, एवढंच एका कागदावर हवं. बचाव पथक आलं की पहिला प्रश्न हाच असतो, आत किती माणसं? आणि दर वेळी उत्तर असतं, माहीत नाही. मग पथक रिकाम्या घराखाली चार तास खोदतं.

सेक्रेटरी म्हणाले, "लोक माहिती देणार नाहीत. प्रायव्हसी असते, मॅडम."

पहिल्या मजल्यावरच्या एका बाई म्हणाल्या, "प्रायव्हसीचं काय घेऊन बसलात, वरच्यांच्या घरात कधी भांडण होतं ते आम्हाला वेळेसकट माहीत आहे." हशा झाला आणि ठराव मंजूर झाला. अनुमोदक लिफ्टवाले काका.

मग कागद ठेवायचा कुठे यावर वाद. सेक्रेटरींचं म्हणणं, ऑफिसच्या कपाटात, कुलपात. ऑफिस तळमजल्यावर, खांबांच्या मधे. इमारत बसली तर पहिल्यांदा तेच सपाट होणार. एक प्रत समोरच्या किराणावाल्याकडे, त्याच्या गल्ल्याच्या मागे, आणि एक शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, त्यांची आपल्याकडे. शेजारच्या सोसायटीशी पाण्याच्या टँकरवरून आपलं बोलणं बंद आहे, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं. ते मी बघते, म्हटलं.

९:५०

जिन्यात उभ्या-उभ्या कागद भरायला घेतला. सातव्या मजल्यापासून खाली. ७०२ मध्ये आजोबा, वॉकर. ६०१ रिकामं, मालक दुबईला. ५०४ मध्ये आई आणि तीन महिन्यांचं बाळ. हे मला माहीतच नव्हतं. ४०३ ने दार उघडलं नाही, टीव्ही चालू होता. ४०१ ने माहिती दिली आणि वर मलाच विचारलं, तुमच्या घरी कोण कोण? मग आमचीही पाच नावं लिहिली, आत्यांच्या पुढे कंसात "स्वतः चालतात".

३०२ ला कुलूप. तिथे भाड्याने पोरं राहतात, एमआयडीसीत रात्रपाळी करणारी. चार की सहा, यावर शेजाऱ्यांचं एकमत नाही. नावं कुणालाच ठाऊक नाहीत, मालकाला फोन केला तर त्यालाही एकाचंच. दिवसभर ती आत झोपलेली असतात, दारं-खिडक्या बंद, कूलर चालू. म्हणजे इमारतीत दुपारी सगळ्यात जास्त माणसं असलेली खोली तीच, आणि कागदावर कोरी.

ती सकाळी आठच्या सुमाराला परततात. उद्या रविवार. सेक्रेटरींना म्हटलं, आठला दोघं मिळून जिन्यात उभे राहू. ते म्हणाले, आठला माझी पूजा असते, साडेआठला चालेल का? साडेआठला ती झोपलेली असतील. मग वॉकरवाल्या आजोबांच्या सुनेने सांगितलं, मी येते आठला, मला दूध आणायला खाली यायचंच असतं.